सांगता येत नाही किंवा ऐकू येत नाही तेव्हा : घरात, रस्त्यावर आणि फलाटावर होणाऱ्या इजा कशा टाळाव्यात

सोसायटीच्या वाहनतळात मोटार मागे घेणारा चालक रिव्हर्स हॉर्नच्या भरवशावर असतो. त्याच मोटारीच्या मागून चाललेल्या कर्णबधिर मुलाला मात्र हॉर्न वाजतो आहे याचा पत्ताच नसतो. दुसऱ्या एखाद्या घरात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या मुलीचे मांडीचे हाड कपडे बदलताना मोडते, ती नेहमीपेक्षा थोडी जास्त किरकिर करते आणि मांडी सुजून गरम लागू लागल्यावर दोन दिवसांनी घरच्यांच्या लक्षात येते. पहिल्या ठिकाणी धोक्याची सूचना माणसापर्यंत पोचली नाही आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाची वेदना इतरांपर्यंत पोचली नाही. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) किंवा श्रवणदोष असलेल्या व्यक्तींना होणाऱ्या अनेक इजा या दोन वाटांनी येतात, आणि म्हणून पालकांची व सांभाळणाऱ्यांची कामेही दोनच उरतात : कानाला मिळणारी प्रत्येक सूचना डोळ्यांना किंवा त्वचेला मिळेल अशी सोय करणे, आणि ‘दुखले तर तो सांगेल’ असे गृहीत न धरता रोज स्वतः पाहणे.

धोका किती मोठा आहे हे समजण्यासाठी काही आकडे उपयोगी पडतात. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ ते २०१४ या काळातील मृत्युनोंदी तपासल्या, तेव्हा स्वमग्न व्यक्तींचा इजेमुळे मृत्यू होण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांच्या सुमारे तिप्पट आढळली. स्वमग्न मुलांच्या अशा मृत्यूंपैकी जवळपास ८० टक्के बुडून किंवा श्वास कोंडून झाले होते. श्रवणदोषाबाबत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, ऐकण्यास खूप त्रास असलेल्या प्रौढांना अपघाती इजा होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट दिसली. हे आकडे परदेशातील असले तरी त्यांमागची कारणे, म्हणजे पाण्याची ओढ, न ऐकलेला इशारा आणि न सांगितलेली वेदना, ठाण्यातही तीच आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करावीशी वाटते. इजेच्या भीतीने माणसाला घरात कोंडून ठेवणे हा सुरक्षेचा मार्ग नाही. ज्या मुलाने कधी रस्ता ओलांडलाच नाही, ते मूल ज्या दिवशी एकटे बाहेर पडेल त्या दिवशी सर्वांत जास्त धोक्यात असेल. बांधून ठेवणे तर त्याहून घातक आहे. आणि आक्रमक झालेल्या व्यक्तीला पालथे पाडून पाठीवर भार देऊन दाबून धरल्याने श्वास कोंडून मृत्यू झाल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. ते कोणत्याही परिस्थितीत करू नये.

निघून जाणारे मूल आणि पाणी

स्वमग्न मुलांच्या पालकांना ‘क्षणभर पाठ फिरवली आणि मूल दिसेनासे झाले’ हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०१२ साली अमेरिकेत १,२१८ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा चार वर्षांच्या वयानंतर निम्म्या मुलांनी किमान एकदा तरी निघून जाण्याचा प्रयत्न केलेला होता. हे निघून जाणे बहुधा सहेतुक असते. मूल एक तर त्याला आवडणाऱ्या गोष्टीकडे जाते, नाही तर त्याला सहन न होणाऱ्या गोष्टीपासून दूर पळते. आवडणाऱ्या गोष्टींत पाणी फार वरचे स्थान घेते, आणि ठाणे हे तर तलावांचे शहर. मासुंदा, उपवन, कचराळी, आंबेघोसाळे, रायलादेवी यांपैकी एखादा तलाव अनेक घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो. नवी मुंबईत भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावण्यासाठी बांधलेले धारण तलाव वसाहतींना लागून आहेत, खाडी आहे, आणि नव्या सोसायट्यांत पोहण्याचा तलावही आहे.

म्हणून पहिले काम कागद घेऊन करायचे आहे. घरापासून पायी वीस मिनिटांत पोचता येईल असे प्रत्येक पाणी त्यावर लिहावे : तलाव, उघडा नाला, बांधकामाच्या जागेवरील खड्डा, गच्चीवरील टाकी, शेजारच्या सोसायटीतील पोहण्याचा तलाव. मूल हरवले तर शोध या यादीपासूनच सुरू करावा. आधी घरातील खोल्या, मग जिना, मग नातेवाइकांना फोन असा क्रम आपल्या हातून सहज घडतो. परंतु बुडण्यास काही मिनिटेच पुरतात, तेव्हा एक माणूस घरात शोधत असताना दुसऱ्याने थेट पाण्याकडे धाव घेतली पाहिजे आणि तिसऱ्याने ११२ क्रमांकावर फोन केला पाहिजे. कोणी काय करायचे हे आधी ठरलेले असावे. पोलिसांना वय आणि कपड्यांचे वर्णन सांगताना ‘मुलाला स्वमग्नता आहे, हाक मारली तरी ते उत्तर देणार नाही आणि त्याला पाण्याची ओढ आहे’ एवढे वाक्य न विसरता सांगावे.

दाराला मुलाच्या हाताच्या वर दुसरी कडी बसवावी आणि दार उघडताच वाजणारी छोटी चुंबकीय घंटी लावावी. ती बाजारात स्वस्तात मिळते. मात्र दाराला किल्लीचे कुलूप लावून किल्ली कपाटात ठेवू नये, कारण आग लागली तर तेच दार सापळा ठरते. मुलाचे एक अलीकडचे छायाचित्र वॉचमन, लिफ्टमन आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे द्यावे आणि मूल एकटे दिसले तर काय करायचे ते त्यांना नीट समजावून सांगावे : मागे धावू नये, ओरडू नये, समोरून हळू येऊन सोबत चालावे आणि फोन करावा. काही पालकांना हे सांगताना संकोच वाटतो, तो समजण्यासारखा आहे. पण वॉचमनला ठाऊक नसलेले मूल फाटकातून सहज बाहेर जाते. संपर्काचा क्रमांक मुलाच्या कपड्यांच्या आतील बाजूस शिवावा किंवा मनगटी पट्ट्यावर कोरून घ्यावा. नाव बाहेरून वाचता येईल असे लिहू नये, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवते.

पोहायला शिकवणे हा खरा उपाय आहे आणि तो शक्य तितक्या लवकर सुरू करावा. शिकवताना हात मारण्याच्या शैलीपेक्षा पाठीवर तरंगणे, काठ पकडणे आणि कपडे अंगावर असताना बाहेर येणे यांवर भर द्यावा. पोहता येणाऱ्या मुलावरही लक्ष ठेवावेच लागते, आणि फिट येणाऱ्या मुलासोबत तर पाण्यात हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस असलाच पाहिजे.

पळून जाण्याचे दुसरे कारण म्हणजे आवाज. दहीहंडी, गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळी या काळात ठाण्यात ढोल-ताशे, ध्वनिक्षेपक आणि फटाके यांनी स्वमग्न मूल इतके घाबरते की ते समोरच्या वाहतुकीत शिरते. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ आधी माहीत करून घ्यावी, कानांवर बसणारे आवाजरोधक मुलाला काही आठवडे आधीपासून सवयीचे करावेत, आणि गर्दीत जायचेच असेल तर बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवूनच आत जावे.

घर

घोडबंदर रस्त्यावरील किंवा खारघरमधील उंच इमारतींत सर्वांत आधी खिडक्या पाहाव्यात. सरकत्या काचा उघडतात तेथे मजबूत जाळी हवी, गजांतील अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवे, आणि एका खिडकीच्या जाळीला तरी आतून उघडणारे दार हवे, ज्याची किल्ली मोठ्यांच्या हाताशी असेल. गॅलरीत खुर्ची, कुंड्यांची मांडणी किंवा धुण्याचे यंत्र कठड्याला चिकटून ठेवू नये. चढणाऱ्या मुलाला तीच पायरी होते.

भाजण्याच्या बाबतीत गिझर हा गंभीर धोका आहे. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही सेकंदांत खोल भाजते, तर ४९ अंशांच्या आसपास त्याच इजेला काही मिनिटे लागतात, म्हणून गिझरचा काटा ५० च्या खाली ठेवावा. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, नंतर गरम मिसळावे, आणि मुलाला बसवण्यापूर्वी आपले कोपर त्यात बुडवून पाहावे. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल पाणी पोळले तरी पाय झटकन बाजूला घेऊ शकत नाही. ओट्यावर मागच्या शेगडीवर स्वयंपाक करावा, भांड्यांचे दांडे भिंतीकडे वळवावेत. समई आणि निरांजन जमिनीवर न ठेवता उंच चौरंगावर ठेवावे. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नये.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी सुमारे पाचांतील एकाला फिट येण्याचा विकार असतो, आणि त्यामुळे पडून डोक्याला मार बसणे, गॅसपाशी भाजणे व बादलीत तोंड बुडणे हे धोके वाढतात. अशा व्यक्तीने स्नानगृहाला आतून कडी लावू नये; दाराबाहेर ‘आत कोणी आहे’ अशी पाटी लटकवली की लाजही राखली जाते. आंघोळ बसून, मग्याने करावी आणि पाण्याने भरलेली मोठी बादली किंवा टब समोर ठेवू नये. फिट आली तर आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. फिट पाच मिनिटांहून जास्त टिकली, लागोपाठ दुसरी आली, किंवा श्वास नीट सुरू झाला नाही, तर १०८ ला फोन करावा.

घास अडकण्याचा धोका अनेक घरांत कमी लेखला जातो. चावणे व गिळणे यांचे स्नायू नीट काम करत नसतील, किंवा भराभर तोंड भरण्याची सवय असेल, तर चणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, भाताचा मोठा गोळा, कोरडी चपाती हे सारे अडकू शकते. जेवताना पाठ सरळ आणि हनुवटी किंचित खाली असावी, मान मागे टाकून भरवू नये, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवे करू नये. वारंवार ठसका लागणे, जेवताना आवाज ओलसर होणे, पुनःपुन्हा न्यूमोनिया होणे ही वाक्-उपचारतज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घेण्याची कारणे आहेत. खाण्यायोग्य नसलेल्या वस्तू तोंडात घालण्याची सवय असलेल्या व्यक्तीच्या घरात श्रवणयंत्राच्या, रिमोटच्या आणि खेळण्यांच्या बटण-सेल कुलपात ठेवाव्यात. नाणेवजा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत खोल जखम होऊ शकते. ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता तात्काळ रुग्णालय गाठावे.

न सांगितलेली इजा

रोजच्या आंघोळीच्या वेळी डोक्यापासून तळपायापर्यंत एकदा नीट पाहण्याची सवय लावून घ्यावी. टाळू, कानामागची जागा, बगला, कंबर, गुडघ्यामागची बाजू, पायांची बोटे यांवर एक हात हळूच फिरवावा आणि डोळे मुलाच्या चेहऱ्यावर ठेवावेत, कारण तोंडाने ‘आई गं’ न म्हणणारे मूल त्या एका जागी हात लागताच भुवई आकसते, श्वास धरते किंवा आपला हात ढकलते. या तपासणीला चार मिनिटे लागतात आणि मोडलेले हाड, गळू, पट्टा घासून झालेली जखम यातून लवकर कळते. अचानक खाणे बंद होणे, झोप उडणे, स्वतःलाच मारून घेणे, एक पाय टेकवायला तयार नसणे या गोष्टींना ‘हट्ट’ म्हणण्यापूर्वी दुखणे शोधावे. ज्या व्यक्ती उभ्या राहू किंवा चालू शकत नाहीत, त्यांची हाडे ठिसूळ होतात, आणि फिटच्या काही औषधांनी जीवनसत्त्व ‘ड’ कमी होऊन ती आणखी कमकुवत होतात; म्हणून त्यांना उचलताना एका हाताने वा पायाने कधीही ओढू नये, आणि उचलण्याची योग्य पद्धत फिजिओथेरपिस्टकडून घरातील प्रत्येकाने शिकून घ्यावी.

डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे १० ते २० टक्के व्यक्तींत मानेच्या वरच्या दोन मणक्यांची जोडणी सैल असते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. तरीही कोलांटउडी, शीर्षासन, मल्लखांब किंवा ट्रॅम्पोलिन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि मान दुखणे, डोके एका बाजूला कलणे, चाल बदलणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे.

याच तपासणीत कधी अशा खुणा सापडतात ज्यांचे स्पष्टीकरण मिळत नाही : दंडावर बोटांचे वळ, मांडीच्या आतील बाजूस जखम, एका ठरावीक व्यक्तीजवळ जाताना वाटणारी भीती. वळ व जखमांची छायाचित्रे काढावीत, तारीख लिहावी आणि गप्प बसू नये. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी

रस्त्यावर पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. सायकल किंवा स्कूटर चालवणाऱ्याने दोन्ही बाजूंचे आरसे लावावेत आणि वळण्यापूर्वी मान वळवून पाहावे. विजेवर चालणाऱ्या बसगाड्या इतक्या शांत असतात की थोडेफार ऐकू येणाऱ्यालाही त्या कळत नाहीत. सोसायटीच्या वाहनतळात मुलाने मोटारींच्या मागून जाऊ नये, आणि मागच्या पांढऱ्या दिव्याचा अर्थ त्याला लहानपणीच, उभ्या मोटारीजवळ नेऊन दाखवावा. पावसाळ्यात ‘पुढे झाकण उघडे आहे’ ही आरोळी ज्याला ऐकू येत नाही, त्याने साचलेल्या पाण्यात पाऊल टाकूच नये.

लोकलच्या बाबतीत मत ठाम असावे : रूळ ओलांडणे ऐकू येणाऱ्यासाठीही जीवघेणे आहे, ऐकू न येणाऱ्यासाठी ते अक्षम्य आहे, कारण मोटरमनचा भोंगा ही शेवटची सूचनाही त्याच्यासाठी अस्तित्वात नसते. कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात पादचारी पूल दूर असला तरी तोच वापरावा. ठाण्यासारख्या गर्दीच्या स्थानकात फलाट बदलल्याची घोषणा ऐकू येत नाही आणि सारे लोक अचानक जिन्याकडे धावू लागतात; अशा वेळी धावू नये, खांबाला टेकून उभे राहावे, इंडिकेटर पाहावा आणि पुढची गाडी पकडावी. दिव्यांगांचा राखीव डबा फलाटावर कोठे थांबतो हे कोणत्या खुणेवरून ओळखायचे ते शांत वेळी जाऊन पाहून ठेवावे.

घरात झोपताना श्रवणयंत्र काढलेले असते, म्हणजे आगीचा भोंगा दिवसा ऐकू येणाऱ्यालाही रात्री येत नाही. उशीखाली ठेवायचे थरथरणारे गजर आणि लखलखणारे दिवे असलेले धूरसूचक उपलब्ध आहेत. अलीकडच्या स्मार्टफोनमध्ये आगीचा भोंगा, दारावरची घंटा, बाळाचे रडणे हे आवाज ओळखून फोन थरथरवण्याची सोय असते. ती सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करावी, मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. सोसायटीच्या सभेत जिन्यांतील भोंग्यांसोबत लखलखणारे दिवे लावण्याची मागणी करावी आणि ‘अमुक मजल्यावर कर्णबधिर व्यक्ती आहे’ ही नोंद वॉचमनच्या वहीत पहिल्या पानावर ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या आठव्या कलमाने संकटाच्या वेळी दिव्यांगांना समान संरक्षण मिळण्याचा हक्क दिलेला आहे, तेव्हा ही मेहेरबानीची मागणी नव्हे.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या कर्णबधिर कामगारांनी फोर्कलिफ्टवर फिरता दिवा आणि यंत्र सुरू होण्यापूर्वी पेटणारा दिवा मागावा, आणि पर्यवेक्षकाने मागून हाक मारण्याऐवजी समोर येऊन बोलावे.

वृद्धापकाळी ऐकणे कमी झालेल्या आईवडिलांना आपण या विषयात मोजत नाही, पण मोजले पाहिजे. २०१२ च्या एका अभ्यासात सौम्य श्रवणदोष असलेल्या व्यक्ती पडण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. ‘आता या वयात कशाला यंत्र’ असे न म्हणता तपासणी करून घ्यावी. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत ती होते.

रुग्णालयात जाण्यापूर्वी

दिव्यांग व्यक्तीच्या नावे एक पानी माहितीपत्र मराठीत आणि इंग्रजीत तयार करून दाराजवळ व पाकिटात ठेवावे. त्यात निदान, औषधे व त्यांचे प्रमाण, ॲलर्जी, फिट येते का, वेदना झाली की ती व्यक्ती नेमके काय करते, संवाद कसा साधायचा, कोणत्या स्पर्शाची भीती वाटते आणि दोन संपर्क क्रमांक लिहावेत. कर्णबधिर व्यक्तीला खुणांची भाषा येत असेल तर तसे ठळक लिहावे, आणि मुखपट्टी लावलेल्या डॉक्टरांचे ओठ वाचता येत नाहीत हेही. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत सोबत ठेवावी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. तिची नोंदणी इजा होण्याआधीच करून ठेवावी. नवी मुंबईत वाशी येथील महानगरपालिकेच्या ईटीसी (दिव्यांगांसाठीच्या शिक्षण, प्रशिक्षण व सेवा) केंद्रात आणि खारघर येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेच्या प्रादेशिक केंद्रात मार्गदर्शन मिळते.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण) बसवलेल्या व्यक्तीने एमआरआय तपासणीपूर्वी ते सांगितलेच पाहिजे, कारण आत बसवलेले चुंबक सरकू शकते. बेशुद्ध अवस्थेत ते सांगता येत नाही, म्हणून ही ओळ माहितीपत्रात सर्वांत वर, लाल अक्षरांत असावी.